एमबीएचा अर्ज : हक्क कागदावर, कागद वेळेवर

आमच्या महाडचे चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. पण २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर स्वतः तळ्यावर गेले, तेव्हा तो हक्क बजावला गेला.

एमबीएच्या प्रवेशाचेही तसेच आहे. मोमीन, जुलाहा बिरादरीस ओबीसी सवलत आहे. परंतु जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र व नॉन-क्रिमीलेयर मुदतीत नसेल तर मुलगा खुल्या गटात जातो. पडताळणीस वेळ लागतो, म्हणून पदवीचे शिक्षण चालू असतानाच अर्ज द्यावा.

दुसरी चूक, सीईटी दिली म्हणजे झाले असे समजणे. त्यानंतर कॅप फेरीची नोंदणी वेगळी करावी लागते. मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लामसारख्या अल्पसंख्याक संस्थांत मुस्लिमांसाठी जागा असतात. अर्जात तो रकाना भरलाच पाहिजे.

तिसरी चूक नावाची. उर्दू शाळेच्या दाखल्यावर 'मोहम्मद', गुणपत्रिकेवर 'मो.', आधारवर तिसरेच! आमच्याच घरातील एका मुलाचे वर्ष यात वाया गेले.

व्यापारी बांधवहो, माल पाठवताना बिल्टीवरचे नाव आपण दोनदा वाचतो. मुलामुलींच्या अर्जावरचेही वाचू या.