गर्भारपणात पोटाच्या स्नायूंचा व्यायाम

ठाणे जिल्ह्यातील गर्भवती स्त्रियांचे श्रम एका साच्याचे नाहीत. डोंबिवली-कल्याणहून नोकरीसाठी मुंबईस जाणारी स्त्री लोकलच्या गर्दीत तास-तासभर उभी असते आणि नंतर कार्यालयात दिवसभर खुर्चीवर बसून काम करते. याच जिल्ह्याच्या शहापूर व मुरबाड तालुक्यांत भातलावणीच्या दिवसांत चिखलात वाकून रोपे लावणारी आणि उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी वाहणारी स्त्रीही गर्भवती असते. पहिलीला घरची वडीलधारी मंडळी ‘आता फारशी हालचाल करू नकोस’ असे बजावतात, तर दुसरीला विश्रांतीच मिळत नाही. सहाव्या-सातव्या महिन्यात कंबर मात्र दोघींचीही दुखू लागते. या दुखण्याचे एक कारण पोटाच्या स्नायूंची आधार देण्याची शक्ती कमी होणे हे असते. गर्भारपणात पोटास कोणताही ताण देऊ नये, या समजुतीमुळे नेमके त्याच स्नायूंकडे दुर्लक्ष होते.

पोटाच्या पुढील बाजूस बरगड्यांपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत दोन उभे स्नायू असतात आणि मध्यरेषेवर तंतूंची एक चिवट पट्टी त्यांना जोडते. सर्वांत आतल्या थरात कंबरपट्ट्यासारखा आडवा वेढा घालणारा स्नायू असतो. खाली, मूत्राशय व गर्भाशय यांना झोळीप्रमाणे तोलून धरणारे श्रोणितलाचे स्नायू असतात. वर श्वासपटल असते. हे सर्व एकमेकांच्या साह्याने काम करतात. श्वास सोडताना आडवा स्नायू आणि श्रोणितल सहजपणे आवळले जातात व पाठीच्या कण्यास पुढून आधार मिळतो. गर्भाशय वाढू लागले की मधली पट्टी ताणली जाऊन रुंद व पातळ होते आणि उभे स्नायू एकमेकांपासून दूर सरकतात.

हे दूर सरकणे म्हणजे रोग नव्हे. नॉर्वेमध्ये प्रथमच माता होणाऱ्या ३०० स्त्रियांची पाहणी करण्यात आली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार गर्भारपणाच्या २१व्या आठवड्यात सुमारे ३३ टक्के, प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी ६० टक्के आणि वर्षानंतरही सुमारे ३३ टक्के स्त्रियांत हे अंतर आढळले. ते मुळीच पडू नये असा व्यायाम नाही. पोट सपाट ठेवण्याचा ध्यास तर या काळात सर्वस्वी व्यर्थ होय. वाढत्या भाराला आतील स्नायूंनी आधार द्यावा, कंबरेवरील ताण हलका व्हावा आणि बाळंतपणानंतर स्नायूंची शक्ती लवकर परत यावी, एवढेच व्यायामाचे प्रयोजन आहे.

वैद्यकीय मतही या बाबतीत बदलत आले आहे. अमेरिकेतील स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने १९८५ मध्ये गर्भवतीने व्यायाम करताना नाडीचे ठोके मिनिटास १४० च्या पुढे जाऊ देऊ नयेत, असे सुचविले होते. १९९४ मध्ये ही मर्यादा काढून टाकण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये, प्रकृतीची अडचण नसलेल्या गर्भवतीने आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा शारीरिक व्यायाम करावा, अशी शिफारस केली. अर्थात, दिवसभर शेतात राबणाऱ्या स्त्रीस हा हिशेब सांगणे अप्रस्तुत ठरेल. तिला विश्रांतीची आणि वाकण्या-उचलण्याच्या योग्य पद्धतीची गरज अधिक आहे.

कोणते व्यायाम, कोणते नव्हेत

आरंभ श्वासापासून करावा. ताठ बसून नाकाने सावकाश श्वास घ्यावा. सोडताना बेंबीखालचा भाग हळुवारपणे आत घ्यावा आणि लघवी रोखून धरताना आवळतात तसे श्रोणितलाचे स्नायू आवळावेत. चार-पाच सेकंदांनी ते पूर्ण सैल सोडावेत, कारण प्रसूतीच्या वेळी हे स्नायू सैल सोडता येणेही तितकेच आवश्यक असते. आठ-दहा वेळा असे केले तरी प्रारंभी पुरेसे होते. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली, तर तेथेही हे कोणाच्या लक्षात न येता करता येईल.

दुसरा व्यायाम हात व गुडघे जमिनीवर टेकून करावयाचा. श्वास सोडताना पाठ मांजरासारखी वर उचलावी आणि श्वास घेताना पुन्हा सरळ करावी. कंबर खाली झोकू देऊ नये. जमिनीवर ओणवे होणे जड जात असल्यास भिंतीला पाठ टेकून, गुडघे किंचित वाकवून उभे राहावे आणि श्वास सोडताना कंबर हलकेच भिंतीकडे दाबावी.

उताणे पडून धड उचलण्याचे व्यायाम, दोन्ही पाय एकदम उचलण्याचे आसन, नौकासन, पोटावर झोपून करावयाची आसने, पोट दाबणारे पीळ आणि कपालभाती ही वर्ज्य समजावीत. विसाव्या आठवड्यानंतर फार वेळ उताणे पडून राहणेही टाळावे. गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडून चक्कर येण्याचा संभव असतो. कोणताही व्यायाम झेपतो की नाही, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. पोटाच्या मध्यरेषेवर उभा उंचवटा उठला किंवा श्वास रोखून धरावा लागला, तर तो व्यायाम तेथेच थांबवावा. अंथरुणातून एकदम उठून बसतानाही हाच उंचवटा दिसतो. म्हणून प्रथम कुशीवर वळावे आणि मग हाताच्या आधाराने उठावे. ही एक सवय लागली तरी पुष्कळ साधले. हंडा किंवा मूल उचलताना गुडघ्यांत वाकावे, वस्तू अंगाजवळ धरावी आणि उचलताना श्वास सोडावा. भरलेले हंडे शेवटच्या महिन्यांत घरातील इतरांनी उचलावेत हे उत्तम.

व्यायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक आहे. रक्तस्राव, वार खाली असणे, गर्भाशयमुखास टाका घातलेला असणे, मुदतपूर्व कळा, वाढलेला रक्तदाब अथवा तीव्र रक्तक्षय असल्यास स्वतःच्या मनाने व्यायाम मुळीच करू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयग्रस्त आढळल्या, हे पाहता रक्ततपासणी आधी व व्यायाम नंतर, हाच क्रम योग्य होय. व्यायाम करताना अंगावरून पाणी वा रक्त जाणे, नियमित कळा, छातीत दुखणे, तीव्र डोकेदुखी, भोवळ किंवा एका पोटरीस सूज व वेदना यांपैकी काहीही जाणवल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

या माहितीसाठी वेगळी यंत्रणा उभारावी लागत नाही. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दरमहा ९ तारखेस शासकीय आरोग्य संस्थांत गर्भवतींची तपासणी होते. रांगेत बसलेल्या स्त्रियांना त्या वेळी श्वासाचा व्यायाम आणि कुशीवरून उठण्याची रीत दहा मिनिटांत दाखविता येईल. गावोगावच्या ग्राम आरोग्य व पोषण दिनी आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका हेच करू शकतील. ग्रामपंचायत सदस्यांच्या हाती तर याहून मोठे काम आहे: पाण्याची सोय घराजवळ आली की हंड्याचा प्रश्नच कमी होतो.

कार्यालयप्रमुख व मुख्याध्यापकांनी एक कायदेशीर तरतूद ध्यानात ठेवावी. अपेक्षित प्रसूतीपूर्वीच्या सहा आठवड्यांच्या आधीचा एक महिना, स्त्रीने विनंती केल्यास, तिला कष्टाचे किंवा दीर्घकाळ उभे राहावे लागणारे काम देता येत नाही. १९६१ च्या प्रसूतिलाभ अधिनियमातील ही तरतूद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही घेण्यात आली आहे. वर्गात तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या शिक्षिकेस बसून शिकविण्याची मुभा द्यावयास मात्र कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

बाळंतपणानंतर पोटाला फडके घट्ट बांधण्याची चाल घरोघरी आहे. त्याने उठता-बसताना आधार वाटतो, परंतु स्नायू त्यामुळे बळकट होत नाहीत. फडके फार आवळले तर खालच्या श्रोणितलावर दाब वाढतो. नैसर्गिक प्रसूतीनंतर त्रास नसल्यास श्वासाचा व श्रोणितलाचा हलका व्यायाम काही दिवसांतच सुरू करता येतो. शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असल्यास डॉक्टरांच्या अनुमतीनेच आरंभ करावा. बाळंतपणानंतर काही महिने लोटूनही मध्यरेषेवर दोन बोटांहून अधिक रुंद खोबण जाणवत असेल, किंवा खोकताना लघवी सुटत असेल, तर ते बाळंतपणाचे भोगणे म्हणून सोडून न देता भौतिकोपचार तज्ज्ञास दाखवावे.