रॉड, पिन आणि चाळीस वॅट

थंडी पडली की हॉस्टेलवर दोन गोष्टी हमखास दिसतात. एक म्हणजे सकाळी सहाला बाथरूमबाहेर बादल्यांची रांग, आणि दुसरी म्हणजे कॉटखाली टॉवेलात गुंडाळलेला पाण्याचा रॉड. रॉड ठेवायचा नाही असा नियम आहे, तो कोण किती पाळतं हे रेक्टर सरांपासून सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा त्यावर जास्त बोलत नाही. बोलायचंय ते सेकंड इयरच्या डिसेंबरातल्या एका सकाळबद्दल. रॉड लावून मी परत आडवा झालो, डोळा लागला, आणि जाग आली ती प्लास्टिक जळाल्याच्या वासानं. एक्स्टेन्शन बोर्डातलं सॉकेट तपकिरी होऊन वितळलं होतं, टॉप त्यातच चिकटून बसला होता. आणि गंमत बघा, पाणी मस्त कडकडीत! फ्यूजही शाबूत!

वायरमन काकांनी मेन बंद केला, पक्कडीनं टॉप उपटून काढला.

"किती वॅटचा रे रॉड?"

"पंधराशे, काका."

"म्हणजे साडेसहा अँपियर. बोर्ड सहाचा. पण वरच्या अर्ध्या अँपियरनं एवढं नाही जळत. पिन ढिली होती तुझी."

काकांनी कॅल्क्युलेटर काढला नाही की काही नाही. मी इलेक्ट्रिकलचा, त्यामुळे जरा लाज वाटली. रात्री वही घेऊन बसलो.

दहावीला आपण विभवांतर, विद्युतधारा, रोध म्हणत होतो तेच इथे व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स. वॅटला व्होल्टनं भागलं की करंट: १५०० भागिले २३०, म्हणजे ६.५२ अँपियर. व्होल्टेजला करंटनं भागलं की रेझिस्टन्स: २३० भागिले ६.५२, साधारण ३५.३ ओहम. काकांचं बरोबर होतं.

आता ढिली पिन. समजा त्या ढिल्या जागेचा रेझिस्टन्स झाला १ ओहम. मी धडाधड सूत्र लावलं: व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स. उत्तर आलं ५२,९०० वॅट! म्हणजे पस्तीस रॉड एका पिनेत. तसं असतं तर हा लेख लिहायला मी उरलोच नसतो.

चूक कुठे झाली? २३० व्होल्ट पिनेला मिळतच नाहीत. पिन आणि रॉड एकामागे एक, सिरीजमध्ये आहेत. एकूण रेझिस्टन्स ३६.३, म्हणून करंट ६.३४ अँपियर. हा दोघांतून सारखाच जातो. पिनेच्या वाट्याला व्होल्टेज येतं फक्त ६.३४, आणि पॉवर म्हणजे ६.३४ गुणिले ६.३४, चाळीस वॅट. हिशोब ज्या तुकड्याचा, व्होल्टेजही त्याच तुकड्याच्या दोन टोकांमधलं घ्यायचं, एवढंच!

व्हायवातला तो छळवादी प्रश्न इथेच सुटतो. "व्ही स्क्वेअर बाय आर म्हणतं रेझिस्टन्स वाढला की पॉवर कमी, आय स्क्वेअर आर म्हणतं पॉवर जास्त. खरं कोण?" दोन्ही खरी. व्होल्टेज ठरलेलं असेल तर पहिलं सरळ वापरा, करंट ठरलेला असेल तर दुसरं. रॉडसाठी व्होल्टेज जवळपास ठरलेलं आहे. पिनेसाठी मात्र करंट, कारण तो रॉडनं ठरवलाय.

चाळीस वॅट तुम्हाला किरकोळ वाटतील. पण लॅबमधली सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटची असते, आणि ती शिसं वितळवते. त्याहून जास्त उष्णता करंगळीएवढ्या जागेत, चारी बाजूंनी प्लास्टिक! तापलं की सॉकेटातली पितळी पट्टी ताण सोडते, पृष्ठभाग काळा पडतो, रेझिस्टन्स आणखी वाढतो.

आणि फ्यूज का गेला नाही? कारण करंट वाढलाच नाही, उलट ६.५२ वरून ६.३४ वर उतरला. फ्यूजच्या दृष्टीनं सगळं आलबेल. रॉडला १५०० ऐवजी १४१८ वॅट मिळाले, पंधरा लिटरची बादली जेमतेम मिनिटभर उशिरा तापली. ते झोपलेल्या माणसाला काय कळणार?

व्होल्टेज पडलं की मात्र कळतं. १९० व्होल्टला करंट ५.३८ आणि पॉवर १०२० च्या आसपास. व्होल्टेज सहाव्या हिश्शानं कमी, पॉवर जवळजवळ तिसऱ्या हिश्शानं. रांगेतली भांडणं त्यातून!

मल्टिमीटर घेऊन निघालेल्यांना एक सांगतो. जुना शंभर वॅटचा पिवळा बल्ब थंड असताना मोजलात तर चाळीसेक ओहम दाखवील. पेटलेला असताना हिशोबानं येतात ५२९. टंगस्टनचा रेझिस्टन्स तापल्यावर असा उडी मारतो. रॉडच्या नायक्रोमचा फारसा हलत नाही, म्हणून वरचे आकडे चालतात. पंख्याला मात्र हे लावू नका, तिथे पॉवर फॅक्टर मध्ये येतो.

दुसऱ्या दिवशी काकांनी माझ्या भिंतीवरच्या सॉकेटला स्वतःचा, दोन सुट्या वायरी पिळून केलेला बोर्ड लावला. रॉड पाण्यात, पण बंद: बोर्डावर मीटर २२८. रॉड चालू: २२०. टाँग टेस्टर एकाच वायरभोवती अडकवला (दोन्ही वायरींभोवती लावला तर शून्य दाखवतो, हेही तेव्हाच कळलं): ६.२ अँपियर. आठ व्होल्ट वाटेत कुठेतरी गायब. आठ भागिले ६.२, म्हणजे १.३ ओहम. आठ गुणिले ६.२, म्हणजे पन्नास वॅट. "एवढे कुठे जातायत बघू," म्हणत काकांनी मेन पाडून भिंतीतलं सॉकेट उघडलं. फेजचा स्क्रू दोन आटे ढिला, वायरीचं टोक काळंठिक्कर. टोक छाटून, नवं सोलून, घट्ट आवळलं. परत मोजलं तर फरक तीन व्होल्टवर आला. (हे उद्योग काकांशिवाय करू नका. चालू लाइन आहे ती.)

रॉड रेक्टर सरांच्या कपाटात गेला, तो मला फायनल इयरच्या नो-ड्यूजच्या दिवशी परत मिळाला.