पाटी वाचून मागे फिरताना

एसटी स्टँडाजवळच्या एखाद्या दवाखान्यावर ‘त्वचारोग व गुप्तरोग तज्ज्ञ’ अशी पाटी असते. त्यातला दुसरा शब्द आपल्याकडे फार छळतो. ओळखीच्या एक वहिनी ती पाटी वाचून दोनदा मागे फिरल्या. नाजूक जागी चामखिळीसारखे कोंब आले होते, सांगायचं कुणाला? शेजारणीनं चुना-सोडा लावायला सुचवलं. जागा भाजून निघाली, तेव्हा कुठे त्या आत गेल्या. डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं: ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही. तो शरीरसंबंधातून पसरतो हे कळल्यावर घरात अबोला सुरू झाला.

या अबोल्याला शास्त्राचा आधार नाही. विषाणू शिरल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत महिने जातात, कधी वर्षंही. तो कुणाकडून आणि केव्हा आला, हे कोणतीही तपासणी सांगत नाही. मग नवरा-बायकोनं एकमेकांवर खटला कशाच्या पुराव्यावर भरायचा?

डॉक्टर या चामखिळी द्रव नायट्रोजननं गोठवतात, विजेनं जाळतात किंवा लावायला मलम देतात. त्या पुन्हा उगवू शकतात. धीर धरावा लागतो. विषाणूलाच मारणारं औषध नाही, पण बहुतेकांचं शरीर दोनेक वर्षांत त्याला आवरतं. दिवस गेले असतील तर आधी सांगावं, कारण यातली काही औषधं तेव्हा चालत नाहीत. निरोधानं धोका कमी होतो, पूर्ण टळत नाही.

चामखिळी आणतात ते मुख्यतः ६ आणि ११ क्रमांकाचे प्रकार. त्यांतून सहसा कर्करोग होत नाही. खरे घातकी १६ आणि १८. ते बाहेर काहीच दाखवत नाहीत आणि गर्भाशयमुखाच्या सुमारे सत्तर टक्के कर्करोगांच्या मुळाशी असतात. हा धडा जगाला आपल्याच मराठवाड्यानं दिला, हे किती जणांना ठाऊक असेल? १९९९पासून उस्मानाबाद जिल्ह्यातल्या (आताचं धाराशिव) ३० ते ५९ वर्षांच्या सुमारे एक लाख तीस हजार बायकांचा अभ्यास टाटा रुग्णालय आणि बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या मंडळींनी केला. २००९ साली निष्कर्ष आले: ज्या गावांत एकदाच एचपीव्ही तपासणी आणि पुढचे उपचार झाले, तिथे या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. शेतावरची कामं टाकून तपासणीला आलेल्या त्या बायकांचं कौतुक कोणी केलं नाही.

आता लसही आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ २०२३मध्ये बाजारात आली. ती ६, ११, १६ आणि १८ या चौघांना अडवते. नऊ ते चौदा या वयात तिचा उपयोग सर्वांत जास्त, आणि ती मुलांनाही देता येते. झालेला संसर्ग मात्र ती बरा करत नाही, आणि लस घेतली म्हणून तिशीनंतरची तपासणी चुकवता येत नाही.

वहिनींची मुलगी सातवीत आहे. पहिल्या डोसाला तिला तिचे बाबाच घेऊन गेले.