पनवेलच्या गच्चीवर उन्हाचा भार

बारावीच्या सरावात प्रकाशविद्युत परिणाम, बोरचा अणू आणि प्रारणदाब ही गणितं मुलं वेगवेगळी सोडवतात. मला ती एकत्र घातलेली आवडतात.

हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन तिसऱ्या कक्षेतून दुसऱ्या कक्षेत उतरला की १.८९ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा लाल फोटॉन निघतो. सोडियममधून इलेक्ट्रॉन सोडवायला सुमारे २.३ लागतात, म्हणून हा लाल प्रकाश कितीही प्रखर केला तरी काही सुटत नाही. चौथीतून दुसरीत उतरताना निघणारा निळसर फोटॉन मात्र २.५५ चा असतो. इलेक्ट्रॉन सुटतो आणि ०.२५ व्होल्टच्या विरुद्ध विभवाने थांबतो. निर्णय ठरतो तो एका फोटॉनच्या ऊर्जेवर, फोटॉनांच्या संख्येवर नाही. बहुतेकांची चूक इथेच होते.

आता प्रारणदाब, म्हणजे याच फोटॉनांच्या आदळण्याने पडणारा दाब. पनवेलमध्ये भर दुपारी, आकाश निरभ्र असताना, दर चौरस मीटरला साधारण १००० वॅट ऊन पडतं असं धरा. त्याला प्रकाशाच्या वेगाने भागा, की दाब मिळतो. सगळं ऊन शोषणाऱ्या १०० चौरस मीटरच्या काळ्या गच्चीवर एकूण बल येतं ०.०००३३ न्यूटन, म्हणजे ३४ मिलिग्रॅमचं वजन! तांदळाच्या दीड-दोन दाण्यांएवढं. गच्ची आरशाची असती तर दुप्पट.

एवढ्याशा बलाची दखल इस्रोला घ्यावी लागली. १९९२ च्या इन्सॅट-२ए ला सौरपट्ट एकाच बाजूला होते. उन्हाच्या दाबाने उपग्रह वळू नये म्हणून दुसऱ्या बाजूला लांब दांड्यावर सौरशीड बसवलं होतं.