कुंपणच शेत खातें तेव्हां

कुंपणानेंच शेत खाल्लें, तर दाद कोणाकडे मागावी, असें आपण म्हणतों. मनुष्याच्या आंतड्यांत हाच प्रकार घडूं शकतो.

शरीरांत शिरलेल्या जंतूंस गिळण्याचें काम कांहीं पांढऱ्या पेशी करितात. १८८२ सालीं मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञानें मेसिना येथें तारामाशाच्या पारदर्शक पिलास बारीक कांटा टोंचला, तेव्हां अशा फिरत्या पेशी कांट्याभोंवतीं गोळा झालेल्या त्यास दिसल्या. निरोगी आंतड्यांत असंख्य निरुपद्रवी जंतू असतात व हे रक्षक त्यांस सहन करितात. परंतु १९३२ सालीं न्यूयॉर्क येथें क्रोन व त्यांचे दोन सहकारी यांनीं वर्णिलेल्या विकारांत, तसेंच मोठ्या आंतड्याच्या व्रणयुक्त दाहांत, ही सहनशीलता सुटते. पेशी टीएनएफ नांवाचें द्रव्य सोडून आणखी पेशींस पाचारण करितात. दाह शमत नाहीं, आंतड्यास व्रण पडतात, जुलाब व वेदना सुरू होतात, आणि रोगी खंगत जातो.

या द्रव्यास बांधून टाकणारें इन्फ्लिक्सिमॅब हें औषध १९९८ सालीं अमेरिकेंत क्रोनच्या विकारासाठीं मान्य झालें व अनेकांस त्यानें उतार पडला. मात्र क्षयाच्या जंतूंभोंवतीं पेशींचा जो वेढा पडतो, तोही याच द्रव्याच्या बळावर टिकतो. वेढा ढिला पडला कीं, वर्षानुवर्षें निजलेला क्षय उठूं शकतो. २००१ सालीं या औषधानंतर क्षय झालेल्या ७० रोग्यांची हकीकत प्रसिद्ध झाली. म्हणून आतां औषधापूर्वीं छातीचें क्ष-किरण चित्र काढतात व सुप्त क्षयाची चांचणी करितात.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलास हें औषध द्यावयाचें ठरलें, तेव्हां आम्ही सोबत होतों. घरांत कोणास क्षय झाला होता काय, असें डॉक्टरांनीं विचारतांच वडील 'नाहीं' म्हणाले. त्यांच्या मातोश्री मात्र बोलल्या, “अरे, दादा गेला तो कशानें? हा लहानपणीं त्याच्याच अंथरुणांत निजत असे.” चांचणींत सुप्त क्षय आढळला. प्रथम त्याचीं औषधें सुरू झालीं, तें औषध मागाहून.

वडिलांस आम्ही दोष देत नाहीं. घरांत लग्नाच्या मुली असल्या कीं, क्षयाचा उच्चार टाळण्याची आपली रीत जुनीच आहे. तरी वाचकांस आमची एवढीच विनंती कीं, अशा वेळीं घरांतील वृद्धांस सोबत न्यावें. त्यांस पुष्कळ आठवत असतें.