झिजलेली बोटे आणि धान्याचे यंत्र
आमगाव तालुक्यातील बांध्यांमध्ये धानाची रोवणी ऐन भरात असते तेव्हा चिखलपाण्यात दिवसभर राबणाऱ्या बायामाणसांच्या बोटांची कातडी सुरकुतते, तिच्यावरील रेषा झिजतात, आणि त्याच हाताचा अंगठा स्वस्त धान्याच्या दुकानी टेकवला असता यंत्र ओळख नाकारते. बोट पदराला पुसायचे, पुन्हा टेकवायचे, मग दुसरे बोट, मग तिसरे. तोवर मागची रांग तिष्ठत राहते.

चिकित्सक माणसाने येथे प्रथम विचारावे ते हे की, यंत्र नेमके पाहते काय? रेषा जेथे संपते किंवा दुभंगते त्या सूक्ष्म बिंदूंची मांडणी ते मूळ नोंदीशी ताडते, आणि साम्य ठरावीक मर्यादेपलीकडे गेले तरच होकार देते. ती मर्यादा चढवली तर खरा हकदार परत जातो, उतरवली तर तोतया शिरतो. म्हणजे यंत्राचा नकार हा पुरावा नव्हे, अजमास आहे.

बोटांच्या ठशांचा सरकारी उपयोग विल्यम हर्शेल या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८५८ मध्ये बंगालात आरंभला. आज दुकानातले यंत्र ज्या आधारच्या नोंदीशी बोट ताडते, त्याचे पहिले पत्र २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातील टेंभलीत दिले गेले. आधारच्या नोंदणीत बुबुळेही टिपली जातात, आणि बुबुळ काही चिखलाने झिजत नाही. मग ती तपासण्याची, आणि तेही न साधल्यास नोंदवहीत सही घेऊन धान्य देण्याची तजवीज प्रत्येक दुकानी का नसावी? ओळख पटली नाही एवढ्यावरून पात्र माणसाचा लाभ अडवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने आधारविषयीच्या २०१८ च्या निकालात बजावले आहे. तो हुकूम रोवणीपूर्वी प्रत्येक दुकानाच्या फलकावर ठळक अक्षरांत लागावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.