गुणा, मिळवा, पुढे चला

डिजिटल टेलिफोनीत आवाजाची सेकंदाला ८,००० वेळा नोंद होते. दोन नोंदींमध्ये मिळतात फक्त १२५ मायक्रोसेकंद. तेवढ्यात खरखर गाळायची, तर मागच्या काही नोंदी ठरलेल्या आकड्यांनी गुणायच्या आणि सगळ्यांची बेरीज करायची. ५ मेगाहर्ट्झवर चालणारा इंटेल ८०८६ हा सर्व कामांसाठीचा प्रोसेसर इतक्या वेळात १६ बिटांचे जेमतेम पाच गुणाकार उरकायचा!

१९८३ साली बाजारात आलेल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएमएस३२०१० चिपमध्ये गुणाकारासाठी खास सर्किटच होतं. २०० नॅनोसेकंदांत गुणाकार तयार! शिवाय सूचना आणि आकडे यांच्या वाटा वेगळ्या, त्यामुळे एकामुळे दुसऱ्याचा खोळंबा नाही. सगळी कामं जेमतेम जमण्यापेक्षा एका कामात हातखंडा असलेला बरा, हेच या चिपचं गमक.